गोळी संपण्याआधी फोन लागावा

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई



दसरा उलटला की आमच्या बालाघाटातून ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागतात. ट्रॉलीत पत्रे, ताडपत्री, पाण्याचा ड्रम, बाजरीची पोती, शेळी आणि सगळ्यांत वर लेकरं. त्या बोचक्यांत कुठेतरी बीपीच्या गोळ्यांचं पाकीट असतं. सरकारी दवाखान्यातून मिळालेलं, बहुतेक वेळा एका महिन्याचं. हंगाम असतो पाच-सहा महिन्यांचा. मधल्या चार-पाच महिन्यांचं काय, हा प्रश्न मी आपल्यापुढे मांडते आहे. त्याचं उत्तर आपल्याच खात्याच्या हातात आहे असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते.

मी डॉक्टर नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आई-बाप फडावर गेले की माझ्या वर्गातली कितीतरी पोरं आजी-आजोबांच्या भरवशावर गावात राहतात. त्या आजी-आजोबांनाही बीपी असतं. म्हणजे एकाच घरातले दोन पेशंट, एक सांगली-कोल्हापूरकडे किंवा थेट कर्नाटकात, दुसरा इथे, आणि दोघांच्याही गोळ्या आपापल्या जागी संपलेल्या. आजीला तालुक्याला न्यायला घरात तरणं माणूस नाही. फडावरच्या माणसाने दवाखान्यासाठी खाडा केला तर त्या दिवसाची तोड बुडते, आणि मुकादमाची उचल तर अंगावर असतेच. या दोघांनाही दर महिन्याला डॉक्टरपर्यंत नेणं शक्य नाही. डॉक्टरचा आवाज त्यांच्यापर्यंत नेणं शक्य आहे. त्याची यंत्रणाही आपण उभी केली आहे. ती या कामाला जुंपलेली नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

रक्तदाब दुखत नाही, हीच त्याची मोठी अडचण. "डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग मला कसलं बीपी?" हे मी गावात नेहमी ऐकते. गोळी घेऊन आकडा खाली आला की माणूस गोळी सोडतो, कारण त्याच्या लेखी तो बरा झालेला असतो. शेजारीण सांगते, "लावून घेऊ नका ती गोळी, एकदा लागली की जन्माची लागते." मग गरगरलं की एक घ्यायची, नाहीतर नाही, असा कारभार सुरू होतो. तोवर आत हृदयावर, मूत्रपिंडांवर, डोळ्यांच्या पडद्यावर आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्यांवर ताण पडतच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली रक्तदाबावरचा आपला पहिला जागतिक अहवाल काढला. त्यात भारताचा अंदाज दिला आहे : ३० ते ७९ वयोगटातले सुमारे १८.८ कोटी लोक उच्च रक्तदाबाचे, त्यांतल्या ३७ टक्क्यांना निदान झालेलं, ३० टक्के औषधावर, आणि आकडा ताब्यात असलेले जेमतेम १५ टक्के. निदान झालेल्यांपैकी बहुतेकांच्या हाती गोळी पडते, पण गोळीवर असलेल्यांतले निम्मेच ताब्यात येतात, असा याचा अर्थ. आपल्याकडे शिबिरं पुष्कळ होतात, आशाताई घरोघरी जाऊन तिशीपुढच्या माणसांचे फॉर्म भरतात, मशीन दंडाला लागतं. घसरण होते ती त्यानंतर, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात.

आमच्या भागातल्या एका गड्याची हकीकत सांगते. वय चाळिशीच्या थोडं पुढे. गावातल्या तपासणीत बीपी निघालं, गोळ्या मिळाल्या, त्याने त्या नेमाने घेतल्याही. दिवाळीनंतर टोळी गेली. फडावर गोळ्या संपल्या. जवळच्या सरकारी दवाखान्यात एकदा गेला तेव्हा आधीचे कागद मागितले गेले, ते गावाकडे पेटीत होते. पुन्हा काही तो गेला नाही. संक्रांतीच्या सुमारास पहाटे मोळी उचलताना उजवा हात सुटला आणि तोंड वाकडं झालं. टोळीतल्यांना वाटलं थंडीने झालं असेल, म्हणून त्यांनी शेक दिला. लकव्याचं कारण गुठळी असेल तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं. ते तास शेकण्यातच गेले. आज तो ओट्यावर बसून असतो आणि कोयता त्याच्या बायकोच्या एकटीच्या हातात आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरण्याच्या या धंद्यात एकटीला सहसा कुणी घेत नाही, हे आपल्याला ठाऊक असेलच. सगळं कर्ज तिच्यावर आलं. ज्या गोळीअभावी हे झालं, ती देशातल्या सर्वांत स्वस्त औषधांपैकी एक आहे.

आता आपल्या यंत्रणेविषयी. दुरून डॉक्टरचा सल्ला देणारी ई-संजीवनी सेवा केंद्र सरकारने २०१९ च्या नोव्हेंबरात सुरू केली, मोहालीच्या सी-डॅकने ती बांधली. पुढे टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, घरबसल्या फोनवरून डॉक्टर गाठण्याची सोयही तिच्यात आली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यावर १० कोटी सल्ले झाले होते. खेड्यातल्या उपकेंद्रात बसलेली समुदाय आरोग्य अधिकारी, सगळे तिला सीएचओ मॅडम म्हणतात, टॅब उघडते आणि समोर एमबीबीएस डॉक्टर येतो, ही गोष्ट माझ्या आईच्या पिढीने स्वप्नातही पाहिली नव्हती. ज्यांनी हे घडवलं त्यांच्याविषयी मला आदर आहे. म्हणूनच ते अर्ध्यावर थांबलेलं पाहवत नाही.

एका दुपारी मी आमच्या उपकेंद्रात बसले होते. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आजी आली. उन्हातून चढ चढून आलेली, धाप लागलेली. स्टुलावर बसली, पाठीला टेकू नाही, पाय लोंबकळते. पोलक्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला गेला. नातवाच्या खोड्यांविषयी तिचं माझ्याशी बोलणं चालूच होतं आणि हिरड्यांना नुकतीच लावलेली मशेरी दिसत होती. आकडा आला १६८/९८. सीएचओ मुलगी तरुण, कामाची. पण बाहेर लसीकरणाची गर्दी होती. तिने कॉल लावला. रांगेत जो डॉक्टर मोकळा होता तो समोर आला. "आधीची गोळी कोणती?" आजीने कमरेच्या पिशवीतून चुरगळलेली पट्टी काढली, नाव छापलेला भाग फाटून गेलेला. डॉक्टर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तीच चालू ठेवा, मीठ कमी करा, पंधरा दिवसांनी दाखवा." कॉल संपला. एक सल्ला नोंदला गेला.

गर्दी ओसरल्यावर त्याच मुलीने आजीला भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसवलं. पाय जमिनीला टेकवले, बाही वर सारली, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला ठेवला आणि पाच मिनिटं अगदी गप्प बसायला सांगितलं. आता आकडा आला १५२/९०. एका तासात सोळा अंकांचा फरक. धाप, बोलणं, लोंबकळते पाय, बाहीवरचा पट्टा, तंबाखू, प्रत्येकाने थोडी थोडी भर घातली होती. दुसरा आकडा जास्त विश्वासाचा होता, आणि तोही जास्तच होता. औषध बदलण्याची गरज दोन्ही आकड्यांनी सांगितली होती. बदल मात्र झाला नाही.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. अनोळखी बाई, एकच आकडा, आधीची नोंद समोर नाही, गोळीचं नाव कळत नाही. अशा वेळी "तेच चालू ठेवा" म्हणणं हा सावध माणसाचा स्वभाव आहे. पण रक्तदाबाच्या उपचारात सगळ्यांत जास्त नुकसान याच तीन शब्दांनी होतं. समोर आकडा वाढलेला आहे, पेशंट आलेला आहे, तरी डोस वाढत नाही आणि दुसरी गोळी जोडली जात नाही. प्रत्यक्ष तपासणीतही हे होतं, आणि फोनवर तर जास्तच, कारण एका आकड्यावर विसंबायला मन धजत नाही.

यावर बाहेर चांगलं काम झालेलं आहे. इंग्लंडमधल्या ११८२ रुग्णांवरचा टॅस्मिन-एच-४ हा प्रयोग २०१८ साली लॅन्सेटमध्ये छापून आला. एका गटाचा बीपी नेहमीसारखा दवाखान्यात मोजला. दुसऱ्याने घरी स्वतः मोजून कागदावर डॉक्टरला कळवला. तिसऱ्याने घरी मोजून मोबाईलवरून पाठवला. वर्षाअखेर फोनवाल्या गटाचा वरचा आकडा नेहमीच्या गटापेक्षा सरासरी ४.७ ने कमी होता, आणि कागदवाल्या गटाचाही ३.५ ने कमी. कागदाचं हे यश मला फार मोलाचं वाटतं. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात ४५० लोकांवर असाच प्रयोग झाला. तिथे घरचे आकडे फार्मासिस्टकडे जायचे आणि तो फोनवर बोलून औषध बदलायचा. सहाव्या महिन्याला आणि बाराव्या महिन्याला, दोन्ही वेळी बीपी ताब्यात असलेले लोक त्या गटात ५७ टक्के होते, दुसऱ्या गटात ३०. दोन्हीकडे यंत्र साधंच होतं. फरक पाडला तो दोन गोष्टींनी. आकडे अनेक आणि नीट घेतलेले होते, आणि ते पाहून औषध बदलण्याची जबाबदारी एका ठरावीक माणसावर होती.

आपल्या देशाला हे नवीन नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, केंद्र आणि राज्य सरकारं, जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून २०१७ मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू केला. पहिल्या टप्प्यात आपल्या राज्यातले भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे होते. तिथली रीत सरळ होती : ठरलेली मोजकी औषधं, अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन; कोणत्या आकड्याला कोणती पायरी चढायची ते एका कागदावर; गोळ्या गावाजवळ; आणि न आलेल्या माणसाला फोन करून बोलावणं. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एका पुरस्काराने त्याची दखल घेतली गेली. म्हणजे औषधाची पायरी कशी चढायची हे ठरलेलं आहे, आणि डॉक्टर फोनवर आणायचा कसा हेही ठरलेलं आहे. दोन्ही आपल्याच घरात आहेत. पण बीपीचा पेशंट या दोहोंच्या मधल्या फटीत पडतो.

आपण फोनवरच्या डॉक्टरची कल्पना दूरच्या तज्ज्ञाची केली. खेड्यात हृदयरोगतज्ज्ञ नाही, म्हणून शहरातला आणायचा. काही आजारांना ते योग्यच आहे. रक्तदाबाला बहुतेक वेळा तज्ज्ञ लागत नाही. त्याला ओळखीचा डॉक्टर लागतो, जो मागच्या महिन्यात काय लिहिलं ते जाणतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा भेटणार आहे. असा डॉक्टर शहरात नाही, आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. दहा-पंधरा किलोमीटरवर. म्हाताऱ्या माणसाला तेवढंही अंतर दर महिन्याला झेपत नाही, एसटी वेळेवर नाही आणि वडापला पैसे पडतात. फोनने हेच छोटं अंतर आधी मिटवायला हवं.

कायद्याची आडकाठीही नाही. टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० रोजी निघाली. त्यांत पाठपुराव्याच्या सल्ल्याची व्याख्या आहे : तोच डॉक्टर, तोच आजार, आणि प्रत्यक्ष तपासणी होऊन सहा महिने उलटलेले नसावेत. अशा सल्ल्यात चालू गोळी पुन्हा लिहून देता येते, आणि ती पुरत नसेल तर जोडीला दुसरी वाढवण्याचीही मुभा आहे. दर कॉलला नवा डॉक्टर आला तर ही मुभा वाया जाते, कारण व्याख्येतला "तोच डॉक्टर" उरत नाही. आजीच्या कॉलमध्ये नेमकं हेच झालं.

म्हणून पहिली मागणी अशी. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने आठवड्यातला एक वार आणि त्या वारचे एक-दोन तास आपल्याच उपकेंद्रांतल्या बीपीच्या पेशंटांसाठी फोनवर राखून ठेवावेत. पाण्याच्या पाळीसारखं ते गावाला पाठ झालं पाहिजे : आपली पाळी मंगळवारची. सहा महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष तपासणी, मधले महिने फोन. तीन-तीन गोळ्यांनी आकडा उतरत नाही, मूत्रपिंडं बिघडलेली आहेत, किंवा पंचविशीतच बीपी निघालं, असे पेशंट जिल्ह्याच्या तज्ज्ञाकडे जावेत. बाकीचे इथेच सांभाळता येतील.

कॉल लावण्याआधी आकडे तयार हवेत. ज्या घरात दंडाला लावायचं स्वयंचलित मशीन आहे तिथे आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, दर वेळी मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून वहीत लिहायचं, पहिला दिवस सोडून सरासरी काढायची. घरच्या मोजणीत १३५/८५ च्या वर सरासरी गेली तर ती जास्त धरतात, दवाखान्यातल्या मोजणीत १४०/९०. मनगटावरची आणि बोटावरची यंत्रं या कामाची नाहीत, हे लोकांना स्पष्ट सांगायला हवं. बाजारात ती खूप खपतात. पण आमच्या वस्त्यांवर घरोघरी मशीन असणार नाही. तिथे आशाताईकडे एक तपासून घेतलेलं मशीन आणि दंडाच्या मापाचे दोन पट्टे द्या. बारीक दंडाला मोठा पट्टा लावला की आकडा कमी दाखवतो आणि जाड दंडाला लहान लावला की जास्त. तिने कॉलच्या आधीच्या आठवड्यात दोन-तीन दिवस मोजावं, पोरांच्या वहीच्या पानावर लिहिलं तरी चालेल. मशेरी, तंबाखू, चहा यांनंतर अर्धा तास थांबायचं, हे सांगायला तिच्याइतकं योग्य माणूस नाही. मशेरी कोण लावतं हे तिला घराघरातलं माहीत असतं. डॉक्टरसमोर बाया ते कबूल करत नाहीत. आणि हे काम तिला फुकटात सांगू नका, त्याचा मोबदला ठरवा.

मिठाविषयी एक बोलते. "मीठ कमी करा" हा सल्ला फोनवर दोन सेकंदांत दिला जातो आणि तितक्याच लवकर विसरला जातो. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळ्यात मिळून एक लहान चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. आमच्याकडे भाकरीबरोबर खर्डा किंवा ठेचा असतो, कारण भाजी रोज परवडत नाही. फडावर तर पहाटेची भाकरी आणि खर्डाच. त्याला मीठ सोडायला सांगणं म्हणजे कालवण सोडायला सांगणं. भाकरीच्या पिठात मीठ घालू नका, वरून मीठ घेऊ नका, खर्ड्यात मीठ निम्मं करून लिंबू पिळा, पापड-लोणच्यातलं एकच काहीतरी घ्या, असं कुणीतरी त्या घराचं ताट पाहून सांगितलं पाहिजे. कोकणात तेच सुकटीचं आणि खाऱ्या बांगड्याचं. हे बोलायला ओळखीचा डॉक्टर आणि ओळखीची आशा लागते, आणि बोलायला पाच मिनिटं लागतात.

गोळीशिवाय सल्ल्याला काही अर्थ नाही. फोनवर डॉक्टरने टेल्मिसार्टन लिहिलं आणि उपकेंद्राच्या कपाटात ते नाही, असं झालं की माणूस खासगी दुकानात जातो किंवा नुसता घरी जातो. औषध खरेदीसाठी आपण स्वतंत्र प्राधिकरण नेमलं आहे. बीपीची तीन-चार औषधं वर्षाच्या बाराही महिने उपकेंद्रापर्यंत पोहोचतील एवढी एकच गोष्ट त्याने आधी साधावी. आकडा ताब्यात आलेल्याला एका वेळी तीन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात. करोनाच्या काळात देशात ठिकठिकाणी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या गेल्या, घरपोचही दिल्या गेल्या. तेव्हा जमलं, मग आता का नको?

टोळ्यांसाठी आणखी एक पाऊल पुढे टाकावं लागेल. निघण्याआधी प्रत्येक टोळीतल्या तिशीपुढच्या माणसांचं बीपी मोजून, औषध बसवून, हातात एक जाड कार्ड द्यावं : गोळीचं नाव, डोस, शेवटचे आकडे, प्राथमिक आरोग्य केंद्राचा फोन. आभा या डिजिटल आरोग्य क्रमांकाची नोंद त्याच्यासोबत असेलच, पण फडावर रेंजचा भरवसा नसतो आणि मोबाईल चार्ज करायला कारखान्याच्या रस्त्यावर जावं लागतं, म्हणून कार्ड हवंच. साखर कारखान्याच्या परिसरातल्या आरोग्य केंद्राने हे कार्ड पाहून बिनबोभाट गोळ्या द्याव्यात, "तुमच्या जिल्ह्यात जा" म्हणू नये. आणि महिन्यातून एकदा गावच्या डॉक्टरचा फोन मुकादमाच्या किंवा टोळीतल्या कुणाच्याही मोबाईलवर यावा. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळाकडे नोंदी असतातच, त्या आपल्या खात्याशी जोडता येतील. जे कारखाने कर्नाटकात आहेत त्यांच्यासाठी तिथल्या आरोग्य खात्याशी बोलावं लागेल. ते आपणच बोलू शकता.

या फोनवर विचारायचं काय, तेही महत्त्वाचं. अम्लोडिपिनने घोट्यांना सूज येते. बायका म्हणतात "पाय भरून आले" आणि गोळी बंद करतात, कुणाला सांगत नाहीत. क्लोरथॅलिडोनने लघवीवाटे पाणी आणि क्षार जातात. मार्च-एप्रिलच्या उन्हात दिवसभर तोड करणाऱ्याला त्याने भोवळ येऊ शकते, तेव्हा डोस पाहावा लागतो. टेल्मिसार्टन घेणाऱ्याच्या रक्तात पोटॅशियम आणि क्रिएटिनिन अधूनमधून तपासावं लागतं. महालॅबमुळे सरकारी दवाखान्यात रक्त मोफत तपासून मिळतं, तेव्हा सहामाही तपासणीच्या दिवशीच नमुना घेतला तर दुसरी खेप पडत नाही.

फोनने काय करायचं नाही, हेही तितक्याच ठामपणे लिहिते. पहिलं निदान फोनवर नको; डॉक्टरने एकदा हात लावून, दोन्ही दंडांचं बीपी मोजून, नाडी पाहून, लघवी-रक्त तपासून सुरुवात करावी. गरोदर बाईचं बीपी फोनवर सांभाळायचं नाही, तिला त्याच दिवशी डॉक्टरने पाहिलंच पाहिजे. टेल्मिसार्टन तर गरोदरपणात चालतच नाही, आणि फडावरच्या बहुतेक बाया मूल होण्याच्या वयातल्या आहेत. म्हणून कार्डावर "दिवस गेले असतील तर ही गोळी थांबवा आणि लगेच कळवा" ही ओळ ठळक अक्षरांत हवी. आकडा १८०/१२० च्या घरात आणि सोबत छातीत दुखणं, दम, बोबडी, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, दिसेनासं होणं, यांतलं काहीही असेल तर ई-संजीवनीच्या रांगेत थांबायचं नाही, १०८ लावायचा. मुकादमांना आणि टोळीतल्या दोघा-चौघांना एवढं शिकवलं असतं तर मी वर सांगितलेल्या माणसाचा निदान हात कदाचित वाचला असता. आणि आरोग्य केंद्रातली डॉक्टरांची रिकामी पदं भरण्याऐवजी टॅब वाटले, असंही होऊ नये. फोनच्या पलीकडे बसायला डॉक्टर लागतोच.

खासगीपणाविषयी एक विनंती. घरातला फोन बहुधा मुलाकडे असतो. आई त्याच्यासमोर डॉक्टरला काय सांगणार? औषधाने पुरुषाला काही त्रास होत असेल तर तोही बोलणार नाही. उपकेंद्रात दार लावून कॉल करण्याची सोय ठेवली तर बरंच काही बाहेर येईल.

शेवटचा मुद्दा मोजदादीचा. सीएचओ मुलींना महिन्याअखेर विचारलं जातं, कॉल किती झाले? मग कॉल होतात : सर्दी, खोकला, अंगदुखी, आणि आजीसारख्यांचे दोन मिनिटांचे कॉल. त्या मुलींचा यात दोष नाही. ज्याचा हिशेब मागितला जातो तेच काम होतं. केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये साडेसात कोटी रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णांना २०२५ पर्यंत दर्जेदार उपचाराखाली आणायचं ठरवलं. उपचाराखाली आणलेल्या त्या रुग्णांतले किती जण ताब्यात आले, किती जण गोळीविना राहिले, हे गावागावातून कळलं पाहिजे. म्हणून आपल्याला विनंती आहे की पुढच्या आढावा बैठकीत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना कॉलची संख्या विचारू नका. विचारा, की गेल्या तीन महिन्यांत नोंदलेल्या बीपीच्या पेशंटांपैकी कितींचा शेवटचा आकडा १४०/९० च्या खाली आहे, आणि जे तीन महिन्यांत फिरकले नाहीत ते आज कोणत्या गावात, कोणत्या कारखान्याच्या फडावर आहेत. दसऱ्याआधी एकदा आणि फेब्रुवारीत पुन्हा एकदा विचारा. बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव, परभणी या जिल्ह्यांना दुसरा प्रश्न आधी विचारा.

उत्तराची वाट पाहते. आमच्या उपकेंद्रात येऊन हे सगळं प्रत्यक्ष पाहायचं असेल तर लसीकरणाचा दिवस सोडून या, म्हणजे सीएचओ मॅडमना बोलायला सवड मिळेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
बालाघाटातील एक शिक्षिका